गूगल, हिला ओळखतोस का?

पुण्यात नव्याने नोकरीला येणाऱ्या मुलींसाठी मी आणि माझी रूममेट एक छोटीशी वेबसाइट करतोय. पीजीत राहिलेल्या मुलींनी तिथलं खरंखुरं लिहायचं, बस्स. डिपॉझिट परत मिळतं का, रात्री साडेदहानंतर दार उघडतात का, मालकीणबाई आपल्यामागे कपाट तपासतात का! आता असलं काही लिहायचं म्हणजे लॉगिन हवंच. नाहीतर मालकच स्वतःला पाच स्टार देऊन मोकळे. (पाच गूगल खाती उघडणारेही निघतील म्हणा, पण निदान तेवढी मेहनत तरी करू देत.)

रूममेट कोडिंगवाली, मी मासकॉमवाली. पण पासवर्ड आपण सांभाळायचेच नाहीत, यावर पहिल्या चहातच एकमत झालं. लोक एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरतात. आपल्याकडून तो फुटला तर दहाही दारं उघडी! म्हणून मग ‘गूगलने लॉगिन करा’चं बटण.

तिने नोडवर ‘पासपोर्ट’ नावाचं मिडलवेअर बसवलं. म्हणजे काय गं, मी विचारलं.

“अगं, सोसायटीचा वॉचमन!”

साइटवर येणारी प्रत्येक रिक्वेस्ट आधी त्याच्यासमोरून जाते. अनोळखी कुणी दिसलं की तो इंटरकॉमवर विचारतो, ओळखता का? वरून ‘हो’ आलं की रजिस्टरमध्ये नोंद, आणि आत. फ्लॅटची किल्ली त्याच्या हातात येतच नाही. पासवर्ड आपण गूगलच्याच पानावर टाकतो. परत येताना सोबत येतो तो फक्त थोडा वेळ चालणारा एक कोड, आणि आमचा सर्व्हर स्वतःची गुप्त खूण दाखवून तो गूगलकडे वटवतो. हे ज्या ओऑथ २.० च्या नियमांवर चालतं ते २०१२ चे. त्यावर ओळख पटवण्याचा थर, ओपनआयडी कनेक्ट, २०१४ मध्ये आला. आणि हो, वॉचमनला गेटवरच बसवायचं. कोडमध्ये तपासणी पानाच्या खाली लिहिली, तर पाहुणे आधीच घरात!

खरी खडाजंगी झाली ती पुढे. गूगलकडून मागायचं काय काय? या यादीला ‘स्कोप’ म्हणतात. नाव, फोटो, ईमेल सहज मिळतं. एका मार्केटिंगवाल्या मित्राने तर सल्लाच दिला, “ईमेल घेऊन ठेवा, पुढे कामाला येतात.”

माझ्यातली पत्रकार तिथे अडून बसली. बातमी देणाऱ्याचं नाव आपण जपतो ना? इथे तर मुलगी अजून त्याच पीजीत राहतेय. उद्या आमचा डेटाबेस फुटला आणि तिच्या तक्रारीशेजारी तिचं नाव दिसलं, तर सामान रस्त्यावर तिचं येणार.

शेवटी फक्त ‘ओपनआयडी’ एवढाच स्कोप ठेवला. त्यात गूगल त्या खात्याचा एक लांबलचक नंबर देतं. नाव नाही, ईमेल नाही. पुढच्या वेळी तोच नंबर आला, की तीच मुलगी. ती आमच्याकडे आली होती हे गूगलला कळतंच, ते काही टळत नाही.

रूममेट अजून कुरकुरतेय. एखादीचं गूगल खातं गेलं, तर तिला स्वतःचं लिखाण खोडता येणार नाही आणि आपल्याला तिला कळवताही येणार नाही, हा तिचा मुद्दा. मुद्दा बरोबर आहे. त्यामुळे ईमेलचा रकाना ठेवलाय, पण ऐच्छिक. आणि तो रिकामा सोडला तरी चालेल, हे रकान्याच्या वरच ठळक अक्षरात लिहायचं, ही माझी अट.