डिपॉझिट

१९९९ च्या जून महिन्यात आम्ही सिन्नर तालुक्यात राहायला गेलो. सामान म्हणजे एक लोखंडी पेटी, दोन गाद्या, स्टोव्ह आणि पाच-सहा भांडी. लग्नाला तीनच महिने झाले होते. नाशिकला नोंदणी कार्यालयात, विशेष विवाह कायद्याखाली झालेलं लग्न. त्याआधी तीस दिवस आमची नोटीस तिथल्या फळ्यावर लागलेली होती. दोघांची नावं, पत्ते, सगळं उघड. ज्यांनी वाचायची त्यांनी वाचली आणि माझ्या वडिलांपर्यंत पोचवली. तीन साक्षीदारांच्या सह्या झाल्या आणि माझं माहेर सुटलं.

माहेर निफाड तालुक्यातलं. मराठ्याचं घर, कॅनॉलचं पाणी, द्राक्षाचा बाग. हे दिंडोरी तालुक्यातले, बौद्ध. ह्यांना सिन्नरच्या एमआयडीसीत फिटरचं काम लागलं. शहरातल्या खोल्या परवडत नव्हत्या, म्हणून सिन्नरच्या दक्षिणेला, पुणे रस्त्यानं नांदूर शिंगोट्याच्या बाजूला एका गावात खोली बघायला गेलो. एकाच जिल्ह्यातला प्रदेश, पण मला परमुलूख वाटला. निफाडला नजर जाईल तिथं हिरवं. इथं उघडे डोंगर, बाजरीची रानं आणि पावसाची वाट बघणारी माणसं. ओट्याओट्यावर बाया मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या. सिन्नरची विडी मी ऐकून होते. ती कुणाच्या बोटांतून येते, हे तिथं पाहिलं.

घरमालकीण आजीही विड्याच वळत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "कोन गावचे म्हनायचे?"

ह्यांनी गाव सांगितलं.

"आडनाव?"

"गायकवाड."

आजीचा हात थांबला. आता तिनं वर पाहिलं. "कोन्ते गायकवाड?"

हा प्रश्न महाराष्ट्रात ज्यानं खोली शोधलीय त्याला समजावून सांगायला नको. गायकवाड बडोद्याचे महाराजही होते आणि काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात पुढं असलेले दादासाहेब गायकवाडही होते. आडनाव एकच, पण एकाला माजघरात जागा आणि दुसऱ्याला गावकुसाबाहेर. पवार, जाधव, मोरे, सगळ्यांचं तेच. म्हणून तर 'कोणते?' विचारतात.

हे उत्तर द्यायला तोंड उघडत होते. त्यांच्याआधी मी बोलले. "आजी, माझं माहेर निफाडकडचं. द्राक्षाचा बाग आहे आमचा. घरचं कुलदैवत खंडोबा. दर वर्षी जेजुरीला जातात आमच्याकडचे."

आजी हसली. "मंग आधीच सांगावा की, पोरी. आपलेच म्हनायचे."

महिना चारशे रुपये भाडं आणि हजार रुपये डिपॉझिट ठरलं. हजाराच्या नोटा ह्यांनी मोजून दिल्या. पण खरं डिपॉझिट मी आधीच ठेवून मोकळी झाले होते. माझी जात.

रात्री हे म्हणाले, "तू एक शब्द खोटं बोलली नाहीस." आवाजात राग नव्हता. तेच जास्त लागलं. मी म्हटलं, "गावात राहायचंय ना आपल्याला." त्यावर ते काही बोलले नाहीत.

पेटीच्या तळाशी माझ्या सासूबाईंनी लग्नात दिलेली एक तसबीर होती. बाबासाहेबांची. जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. ह्यांचे आजोबा तरुणपणी काळारामाच्या सत्याग्रहाला जाऊन आलेले. २ मार्च १९३० ला नाशकात सत्याग्रह सुरू झाला, तो थांबत-थांबत पाच वर्षं चालला आणि देवळाचं दार काही उघडलं नाही. मग १३ ऑक्टोबर १९३५ ला आमच्याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी सांगितलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. ह्यांच्या घरी ही गोष्ट आमच्या घरी खंडोबाची सांगतात तशी सांगायचे. ती तसबीर मी पेटीतच ठेवली. वर गोधडी, गोधडीवर साड्या.

वर्ष चांगलं गेलं, हे सांगितलं पाहिजे. आजीनं मला पान कातरायला शिकवलं, चिमटीत तंबाखू किती घ्यायची ते शिकवलं. माझी विडी सैल व्हायची. आजी ती उलगडायची आणि म्हणायची, "निफाडच्या हाताला द्राक्षंच बरी." संक्रांतीला तिनं मला घरात बोलावून हळदीकुंकू लावलं. मला दिवस गेले तेव्हा ताटात पहिली भाकरी माझ्या वाढली. मी जेवत होते आणि प्रत्येक घासाला वाटत होतं, ही भाकरी माझ्या माहेराला वाढलीय. माझ्या नवऱ्याला कळली असती तर वाढली असती का? हे तिच्या घरात कधी जेवले नाहीत. बोलावलं तरी ड्युटी आहे म्हणायचे. मला वाटायचं, लाजाळू आहेत. खरं तर फसवून जेवायचं नाही, एवढंच त्यांचं होतं.

एप्रिल उजाडला तशा विहिरी तळाला गेल्या. टँकर यायला लागला. रात्रीच हंड्यांची रांग लागायची. माझ्या पोटात सातवा महिना. आजी माझा हंडा आपल्या हंड्यापुढं लावायची.

१३ एप्रिलला सासूबाई आल्या. पुरणाची डाळ, गूळ, मेणबत्त्यांचा पुडा, सगळं पिशवीत घेऊन दोन एस.टी. बदलून आल्या. पाणी प्यायल्या आणि भिंतींकडं पाहत म्हणाल्या, "फोटू कुठंय?"

मी गप्प. हे कामावर.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. पेटीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मग उठून स्वतःच पेटी उघडली. साड्या काढल्या, गोधडी काढली, तसबीर मांडीवर घेतली आणि पदरानं काच पुसत बसल्या. बराच वेळ. शेवटी एवढंच म्हणाल्या, "पोरी, तुझं माहेर लय मोठं हाय, ठावं हाय मला. पर माझ्या नातवाला कोन्तं गाव सांगशीन?"

मला रडू आलं नाही. लाज आली. वडिलांनी दार बंद केलं तेव्हा मी किती ताठ होते! जात मानत नाही म्हणून घर सोडलं, असं स्वतःला सांगत होते. आणि पहिल्याच खोलीला मी जातच पुढं केली होती. माझ्याकडं ती होती म्हणून मला सोपं गेलं. ह्यांच्याकडं लपवण्याशिवाय काय होतं?

खिळा माझ्याकडं होता. हातोडी नव्हती. मी ओट्यावर गेले.

"आजी, हातोडी देता का?"

"काय ठोकू राह्यली?"

"फोटो लावायचाय."

"कोन्त्या देवाचा?"

"बाबासाहेबांचा."

आजीच्या बोटांतलं पान तसंच राहिलं. शेजारच्या बाया विड्या वळायच्या थांबल्या. आजी आत गेली, हातोडी घेऊन आली आणि माझ्या हातात न देता ओट्याच्या कडेला ठेवली. "भिंत कच्ची हाय, हळू ठोक," म्हणाली.

खिळा मी ठोकला. दुसऱ्या दिवशी मेणबत्त्या लागल्या, पुरणपोळी झाली. ताट घेऊन मी आजीकडं गेले. तिनं ते घेतलं, पण झाकूनच ठेवलं. संध्याकाळी तिचा मुलगा येऊन ह्यांना म्हणाला, "भाऊ, आमचे पाव्हने येनारेत. महिनाअखेर खोली लागंल." कुणी शिवी दिली नाही, कुणी दगड मारला नाही. रांगेत मात्र माझा हंडा आता शेवटी असायचा आणि त्याच्या अलीकडं-पलीकडं हातभर जागा मोकळी.

१९५५ च्या कायद्यानं अस्पृश्यता पाळणं हा गुन्हा आहे. आमच्या लग्नाचा कायदा १९५४ चा. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत गोऱ्या-काळ्यांच्या लग्नाला १९६७ पर्यंत कायद्यानंच बंदी होती. पुढं माझ्या मुलीनं कॉलेजात हे वाचलं आणि मला म्हणाली, "आई, आपल्याकडं तेव्हाही बंदी नव्हती की." नव्हतीच. दाखल्यावर सरकारी शिक्का होता. पण खोली शिक्क्यावर मिळत नाही, 'कोणते?' ह्याच्या उत्तरावर मिळते. आणि पाहुणे येणार आहेत, ह्यावर कोणत्या पोलीस चौकीत तक्रार लिहून देणार?

निघायच्या दिवशी पहाटे टँकर आला. मी उठून बाहेर गेले तर माझा हंडा भरून ओट्यावर ठेवलेला. आजी अंधारात उभी. तिनं पदरात बांधलेले हजार रुपये सोडून माझ्या हातात दिले. ह्या वेळी हातात दिले. मग हळूच म्हणाली, "माझं काय नाय गं पोरी. पर गावात राह्यचंय ना."

मी तिच्यावर रागावू शकले नाही. तेच वाक्य दहा महिन्यांपूर्वी, तिच्याच खोलीत, मी माझ्या नवऱ्याला ऐकवलं होतं.

सिन्नरमध्ये पुढची खोली शोधायला तीन आठवडे लागले. दोन ठिकाणी नाही म्हणाले, एकानं भाडं दुप्पट सांगितलं. चौथ्या घरी मालकानं विचारलं, "कोणते गायकवाड?"

मी खाली पाहत उभी राहिले, पोटावर हात ठेवून. ह्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मी बोलत नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "जयभीमवाले."

मालक थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पाणी एक दिवसाआड येतं. चालंल का?"

त्या खोलीत आम्ही नऊ वर्षं राहिलो. सामान लावताना पेटीतून सगळ्यात आधी तसबीर काढली. हातोडी आम्ही विकत घेतली होती.