आजीचं भिरंडेल आणि आडवी पडलेली मेणबत्ती

 

माझी मुलगी बॉस्टनजवळ असते. मागच्या डिसेंबरात तिनं व्हिडिओ कॉलवर एक मेणबत्ती दाखवली. बारीक, शेवाळी हिरवट रंगाची. तिकडे समुद्रकाठी बेबेरी नावाचं झुडूप असतं. त्याला मिरीएवढी करडी फळं लागतात आणि फळावर मेणाचा थर असतो. फळं पाण्यात उकळायची, मेण वर तरंगतं, ते गाळायचं आणि त्यात वात बुडवून बुडवून मेणबत्ती करायची. तिकडे जाऊन वसलेल्या जुन्या इंग्रज घरांतल्या बायका अशाच करत. ढीगभर फळं उकळावीत तेव्हा कुठं थोडंसं मेण हाताला लागतं, म्हणून ती नाताळला नाहीतर नव्या वर्षाच्या रात्री लावायची. मुलगी म्हणाली, "आई, किती भारी ना? आपल्याकडं असलं काही नव्हतंच."

ते "नव्हतंच" मला लागलं. कारण आमच्या आजोळी होतं की!

आजोळ खानापूर तालुक्यातलं. बेळगावहून जांबोटीला जायचं आणि कणकुंबीच्या रस्त्यानं थोडं पुढं जाऊन आत वळायचं. पुढं घाट उतरला की गोवा. त्यामुळं आजी कोकमाला भिरंड म्हणायची, बेळगावात आलो की आम्ही आमसूल म्हणायचो आणि शाळेतली कानडी मैत्रीण मुरुगल म्हणायची. घरामागं तीन झाडं होती, बाकी सगळं रान. मे महिन्यात आम्ही पोरं पाट्या घेऊन रानात जायचो, लालभडक फळं वेचायचो, निम्मी तिथंच खायचो. दात आंबायचे ते रात्री भात चावेना. सालं काढून, रसात बुडवून उन्हात घालायची ती सोलं. सगळ्यांना तेवढंच ठाऊक असतं. पण एका फळात पाच ते आठ बिया असतात, आणि आजीचा जीव त्या बियांत.

बिया धुऊन कडक वाळवायच्या. मग सवड मिळेल तशी टरफलं फोडून आतला गर उखळात कुटायचा. कुटताना मुसळाला लोण्यासारखं चिकटतं. तो लगदा मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घालून चुलीवर तासन्‌तास उकळायचा, सारखं ढवळत. मग विस्तव ओढून तसंच रात्रभर ठेवायचं. सकाळी वर पांढुरकी साय धरलेली असायची, थिजलेली, जाड. ती उचलून परत वितळवायची, फडक्यातून गाळायची आणि थिजता थिजता मुठीत दाबून अंड्याएवढे गोळे करायचे. हे भिरंडेल. कोकणात मुठीवरून मुठेल म्हणतात. कानडीत मुरुगल तुप्प, म्हणजे सरळ कोकमाचं तूपच! मला हेच नाव जास्त पटतं.

आजी ते टाचांच्या भेगांत भरायची. उलथनं तापवून गोळ्यावर टेकवायचं आणि ते टपटप भेगेत सोडायचं. आम्ही बघूनच ओरडायचो. आता शहरात तेच क्रीममध्ये घालून विकतात, किंमत बघितली तर आजीनं मला परत पाटी घेऊन रानात पाठवलं असतं. पण मला मुलीला सांगायचं होतं ते वेगळंच. पावसात वीज जायची ती दोन-दोन दिवस यायची नाही, रेशनचं रॉकेल संपलेलं असायचं, तेव्हा आजी हेच भिरंडेल जाळायची. त्या उजेडात मी पाढे म्हटलेत.

तर ठरवलं, भिरंडेलाची मेणबत्ती करायची आणि मुलीला दाखवायची. बिया मात्र आजोळच्याच हव्यात. आणि इथं घोडं अडलं. आजोळी मामा, आणि मामाशी मी नऊ वर्षं बोलत नव्हते.

कारण झाडंच. आजी २०१४ मध्ये गेली. पुढच्या वर्षी मी गेले तर मागचं परडं बोडकं. फणस नाही, आणि भिरंडाची तीनातली दोन झाडं नाहीत. मी अंगणात उभी राहून मामाला नको ते बोलले. "आजीची राख गार व्हायच्या आत विकलास," असंसुद्धा. मामा काही बोलला नाही. मामी आत गेली. मी चहा न घेता परत आले. नंतर लग्नकार्यात भेटलो तर मान फिरवायची, एवढंच.

मे महिन्यात धीर करून गेले. मामा आता सत्तरीचा, कानानं कमी. "कधी आलीस? बस की," म्हणाला, जणू मागच्याच आठवड्यात भेटलो होतो. मी बिया मागितल्या. तो म्हणाला, "घरच्या कुठल्या? उरलंय ते नराचं झाड, त्याला फळ नाही. रानातल्या आणू."

हे मला पन्नाशी ओलांडून कळलं, की भिरंडात काही झाडं निव्वळ नराची असतात. तिसरं झाड वाचलं म्हणून मी नऊ वर्षं मनात एक बरं वाटून घेत होते.

मामा काठी टेकत माझ्याबरोबर रानात आला. दोन पाट्या झाल्या. मागच्या सालच्या बिया मामीकडं डब्यात होत्या, त्याही दिल्या. बेळगावला येऊन गर मिक्सरला फिरवला (उखळ कुठलं आता), गॅसवर उकळला, घरभर वास. हाताला पावशेराहून थोडं जास्तच लागलं. स्टीलच्या पेल्यात मधोमध वात धरून ओतलं, फ्रीजमध्ये घातलं. काढली तेव्हा काय देखणी दिसत होती! दुधी, गुळगुळीत. फोटो काढून मुलीला पाठवला. दुपारी खिडकीत ठेवून आडवी झाले.

उठून बघते तर मेणबत्ती माझ्या आधीच आडवी. कमरेतून वाकलेली, खाली तेलाचं थारोळं. भिरंडेल चाळीस अंशांच्या आसपास वितळतं. मेच्या उन्हात खिडकीत ते टिकतंय कुठलं?

मी हसत हसत मामाला फोन लावला. सांगावं कुणाला दुसऱ्या? आधी त्याला ऐकू येईना. कळलं तेव्हा इतका हसला की खोकला लागला. "अगं ती मेणबत्ती नव्हं. आईनं कधी उभं केलंय काय ते? करवंटीत घालायची, कापसाची वात. उभं करायचं तर पोळ्याचं मेण घालावं लागतंय त्यात."

खरंच की. करवंटी होती. उजेड आठवला, पण करवंटी विसरले होते.

मग खोकला थांबल्यावर तो आपणहून बोलला. आजीच्या शेवटच्या दोन महिन्यांत बेळगावच्या दवाखान्याचं बिल झालं, ते त्यानं हातउसनं काढून भरलं होतं. देणेकरी दारात यायला लागले तेव्हा फणस दिला. झाडं तोडणाऱ्यानं फणस पाडताना, ओढताना भिरंडंही कापली, लाकूड ट्रकमध्ये घातलं, वर पैसे मागायची सोय नाही. "तुझ्या आईला सांगितलं नाही. तिनं बांगड्या काढून दिल्या असत्या."

मी म्हटलं, "मला तर सांगायचंस."

"तू बोलायलीस तेव्हा मध्ये जागा कुठं होती?"

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. "जेवलास काय?" एवढंच विचारलं.

रात्री तेच तेल गोळा करून करवंटीत घातलं, वात लावली. ज्योत लहान, स्थिर, धूर बेताचा. मुलीला व्हिडिओ कॉल केला तर म्हणाली, "आई, हा तर दिवा आहे." म्हटलं, होय, दिवाच आहे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मामाकडं चाललेय. रोपवाटिकेतून भिरंडाची दोन कलमं आणलीत, मादी झाडावरची आहेत असं तीनदा विचारून. मामा म्हणतोय, फळ धरेपर्यंत मी असतोय काय. मी म्हटलं, खड्डे तेवढे काढून ठेव.