त्रेचाळीस दात

काल संध्याकाळी कात्रप रस्त्यावरच्या गॅरेजात अण्णांची जुनी जीप, विलीज सीजे-३बी, घोड्यावर चढली होती. पुढच्या डिफरन्शियलचे दात गेले होते म्हणून कुर्ल्याच्या भंगारातून दुसरं आलं. बसवण्याआधी मिस्त्रींनी झाकण काढलं आणि क्राउनच्या एका दातावर खडूची रेघ मारून मोजायला घेतलं. एकोणचाळीस. पिनियनला आठ. मागचं मात्र मूळचं, त्रेचाळीसला आठ.

मागचं गुणोत्तर ५.३८, पुढचं ४.८८. हा फरक घराकडे बाहेरून बघून कळत नाही. पण फोर-व्हील टाकलं की पुढच्या आणि मागच्या डिफरन्शियलला फिरवणारे दोन्ही शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. ते त्रेचाळीस वेळा फिरले की मागची चाकं आठ फेरे घेतात, पुढची जवळपास नऊ. बारवी धरणाकडच्या चिखलात चाक घसरून फरक फेडून घेतं. डांबरावर घसरायला वाव नसतो. ताण गिअरांत साठत जातो आणि काहीतरी तुटतं.

"साहेब, हे नको बसवूया. जोडी मिळेपर्यंत थांबा," मिस्त्री म्हणाले. मला ते फार पटलं.

रात्री झोप लागेना. पुढे आणि मागे, दोघंही एकाच दिशेला ओढत असताना एकमेकांना आतून पिळतात, हे डोक्यातून जाईना. अण्णा आणि मी घर चालवत होतो तेव्हाची वर्षं आठवली. त्यांचा वेग कमी होता की माझा जास्त? तेव्हा कोणी झाकण उघडून पाहिलं नाही.

पुढचा ॲक्सल अजून उघडाच आहे. त्रेचाळीसला आठची जोडी शोधायला रविवारी कुर्ल्याला जायचंय.