पळसदेवच्या वाटेवर बर्गर आणि मिल्कशेक

पुणे–सोलापूर महामार्गावर भिगवण मागे पडले की डाव्या हाताला उजनीच्या जलाशयाची रुपेरी कड दिसू लागते. पावसाळा सरल्यावर हे पाणी पार शेतांना येऊन भिडते. वैशाखात मात्र ते दूर ओसरलेले असते आणि मध्ये पसरलेला असतो भेगाळलेला काळा गाळ. डाळज ओलांडून थोडे पुढे गेले की पळसदेव. महामार्गालगत आज दिसते ते गाव नवे. जुने पळसदेव भीमेच्या काठावर होते. १९८० च्या सुमारास उजनी धरण पूर्ण झाले आणि काठावरच्या इतर अनेक गावांबरोबर तेही पाण्याखाली गेले. माणसे वर सरकली, नव्या गावात पळसनाथाचे नवे मंदिर उभे राहिले, पण जुने मंदिर होते तिथेच राहिले. धरणाचा साठा फार खाली गेला, की त्याचे शिखर आणि मग हळूहळू मंडप उघडा पडतो. उजनीत एकंदर सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते आणि त्यातील ६३ टीएमसीहून अधिक साठा 'मृत' समजला जातो. वर्तमानपत्रांत 'उजनी वजा' अशा बातम्या झळकू लागल्या की या परिसरातून बाहेर गेलेल्या माणसांच्या मनात चलबिचल सुरू होते.

आमची आत्या त्यांतलीच. वय ब्याऐंशी, माहेर जुन्या पळसदेवातले. मधुमेह, रक्तदाब आणि गुडघे या तिन्ही आघाड्या ती एकाच वेळी लढवते. 'एकदा देऊळ बघून येऊ,' असे तिने म्हटले तेव्हा नकार द्यायचा कुणाला धीर झाला नाही. सोबत तिचा चौदा वर्षांचा नातू होता. त्याला देवळापेक्षा वाटेवरच्या बर्गरमध्ये अधिक रस होता आणि तो त्याने लपवलाही नाही. आत्याने त्यावर निकाल दिला, "तू जे खाशील ते मीपण खाणार. सारखं आपलं मऊ भात, मऊ भात!"

घरातल्या वृद्ध माणसाला प्रवासात काय द्यावे, या प्रश्नाचे आपल्याकडचे उत्तर बहुधा डब्यात बंद असते. दहीभात, मऊ पोळी, फार तर केळे. ते उत्तर चुकीचे नाही. पण एका टेबलाभोवती सगळे चमचमीत खात असताना एकट्याने डबा उघडून बसणे म्हणजे पंगतीतून उठवल्यासारखेच. भूक मंदावण्याचे एक कारण एकटेपणाने खाणे हेही असते, हे वृद्धांची काळजी घेणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. म्हणून या वेळी आम्ही ठरवले की बर्गर आणि मिल्कशेक दोन्ही शोधायचे, आणि चांगले शोधायचे.

या प्रदेशात बर्गर अगदीच परका नाही. १९९६ साली मॅकडोनाल्ड्सने भारतात पहिली दुकाने उघडली, आणि त्यांच्या बर्गरमधल्या चीझच्या चकत्या पुरवणाऱ्यांत होती बारामतीची डायनामिक्स डेअरी. पळसदेवहून बारामती तासाभराच्या आत. म्हणजे दिल्ली-मुंबईच्या मुलांनी ज्या बर्गरचे कौतुक केले, त्यातले चीझ बारामतीच्या दूधपट्ट्यातून गेलेले. इंदापूर आणि बारामती हे दोन्ही तालुके ऊस आणि दूध यांवर उभे आहेत. इंदापूरची सोनाई डेअरी तर महाराष्ट्रभर पोहोचली आहे. पावाचे म्हणाल तर तो पोर्तुगिजांबरोबर आला आणि बटाटेवड्याला त्याने कधीच आपलेसे केले. आत्याला बर्गर दाखवला तेव्हा तिने वरचा पाव उचलून आत पाहिले आणि म्हणाली, "पावात कटलेट घातलाय नुसता." या वर्णनात भर घालण्यासारखे मला काही सुचले नाही.

मात्र बर्गरपर्यंत पोहोचण्याआधी एक प्रसंग घडला. कुरकुंभच्या अलीकडे वाहतूक खोळंबली आणि तासभर गाडी जागची हलली नाही. आत्याने सकाळी साडेसातला अर्धी भाकरी खाऊन मधुमेहाची गोळी घेतली होती. पावणेअकराच्या सुमारास ती बोलेनाशी झाली, कपाळावर घाम आला, हात किंचित थरथरू लागले. ग्लुकोमीटर सोबत होता. साखर ६४ भरली. ७० मिलिग्रॅमच्या खाली आकडा गेला की ती साखर कमी झाल्याची खूण. नातू लगेच म्हणाला, "पुढच्या हॉटेलात मिल्कशेक देऊ या, गोड असतो." त्याचा हेतू चांगला, पण अशा वेळी मिल्कशेक उपयोगाचा नाही. दुधातल्या आणि आइस्क्रीममधल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. पाण्यात तीन चमचे साखर घालून ते पाजले. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले तेव्हा आकडा ९२ होता. मग पोळीचा तुकडा दिला, म्हणजे साखर पुन्हा घसरू नये. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांच्या गाडीत साखरेची पुडी आणि पाण्याची बाटली हाताशी हवी, मागच्या डिकीत नव्हे. माणूस पुरता शुद्धीवर नसेल आणि गिळू शकत नसेल, तर मात्र तोंडाने काही देऊ नये, थेट रुग्णालय गाठावे.

थांबा निवडताना आमचा पहिला निकष खाण्याचा नव्हताच. स्वच्छतागृह आधी पाहिले. अनेक ज्येष्ठ, विशेषतः बायका, वाटेत जावे लागेल या धास्तीने पाणीच पीत नाहीत. वैशाखाच्या उन्हात, त्यातून लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी सुरू असेल तर, ही काटकसर महागात पडते. चक्कर, गोंधळलेपण, पायांत गोळे, सारे त्यातून येते. उंच कमोड, धरायला दांडी, कोरडी फरशी आणि पायऱ्यांऐवजी उतार एवढे असेल, तर तिथला बर्गर मध्यम असला तरी चालतो. दैवयोगाने भिगवणच्या पुढे ज्या फूडमॉलमध्ये हे सारे सापडले, तिथला बर्गरही चांगला निघाला.

चांगला म्हणजे कसा? पाव त्याच दिवसाचा, मध्ये कापून कापलेल्या बाजूने लोण्यावर शेकलेला. टिक्की मागणी नोंदवल्यावर तळलेली, आधीच्या ढिगातली नव्हे. सॉस वेगळा मागितला की वेगळा देतात का, हीही एक परीक्षाच. आम्ही चीझची चकती काढायला सांगितली. बारामतीचा अभिमान बाजूला ठेवून सांगायचे तर प्रक्रिया केलेल्या चीझमध्ये मीठ बरेच असते, आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना त्यातले फॉस्फेटही वर्ज्य असते. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसभराच्या मिठाची मर्यादा पाच ग्रॅमच्या आत आहे. बर्गर, फ्राइज आणि सॉस यांची बेरीज त्यातला मोठा वाटा एका बैठकीत खाऊन टाकते.

आत्यासाठी बर्गरचे चार तुकडे केले, वरचा पाव काढून ठेवला. ताजा मऊ पाव वृद्धांना सोपा वाटतो, पण तो तोंडात लगदा होऊन टाळूला चिकटतो. कवळी सैल असेल किंवा औषधांमुळे तोंड कोरडे पडत असेल, तर घास अडकण्याची भीती पावानेच अधिक. म्हणून घास लहान, मधूनमधून पाण्याचा घोट, पाठ ताठ आणि चालत्या गाडीत खाणे मुळीच नाही. आत्याने तीन तुकडे खाल्ले आणि चौथा नातवाच्या ताटात सरकवला. अख्खा बर्गर मागवून निम्मा सोडण्याचे सुख डब्यातल्या दहीभातात नाही, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते.

आमच्या शेजारच्या टेबलावर तळलेल्या चिलापीचे ताट आले तेव्हा माझी नजर मात्र तिकडे वळली. भिगवणची खरी ख्याती या मासळीची. थंडीत रोहित पक्षी पाहायला येणारे कुंभारगावाहून परतताना तीच शोधतात. पण दृष्टी अधू झालेल्या माणसाला मासा द्यायचा तर काटे दुसऱ्याने काढून द्यावे लागतात.

जेवून लगेच उठायचे नाही, हा नियम आम्ही कटाक्षाने पाळला. वृद्धांमध्ये जेवणानंतर दोन तासांच्या आत रक्तदाब वीस अंकांनी किंवा अधिक घसरू शकतो. रक्त पचनाकडे वळते आणि उतारवयात हृदय व रक्तवाहिन्या तेवढ्या चपळाईने जुळवून घेत नाहीत. पिठूळ आणि गोड जेवणाने हा उतार अधिक होतो, म्हणजे पाव आणि मिल्कशेक ही जोडी त्याला आमंत्रणच. यावर उपाय म्हणजे थोडे खाणे, जेवणाआधी ग्लासभर पाणी पिणे, अर्धा तास बसून राहणे आणि उठताना खुर्चीच्या हाताला धरणे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितले असेल, तर त्यांनी डॉक्टरांचे प्रमाण मोडू नये.

मिल्कशेक आम्ही मुद्दाम तिथे घेतला नाही. तिथे सरबताची पाके आणि गोठवलेली पावडर दिसत होती. तो मिळाला पळसदेवलाच, एका साध्या टपरीवजा दुकानात. दूध तापवून गार केलेले आणि आंबा समोर कापलेला. बर्फ नको म्हटले, साखर नको म्हटले, मिक्सरचे भांडे पुन्हा विसळून घ्यायला सांगितले. दुकानदाराने यातले काहीही मनावर घेतले नाही, उलट आत्याचे माहेर कोणते ते विचारले आणि पैसे घ्यायला खळखळ केली. पुण्याची मस्तानी तिच्या जागी थोर आहे, आइस्क्रीमच्या गोळ्यासकट. पण ताज्या दुधात ताजा आंबा फिरवला की वर आणखी काही लागत नाही. आंब्याची साखर आहेच, म्हणून आत्याला अर्धा पेला. २०० मिली दुधातून साधारण २४० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते, ठिसूळ हाडांना ते हवेच असते. दूध पोटात गडबड करत असेल, तर ताक घ्यावे. थायरॉइडची गोळी आणि दूध यांत चार तासांचे अंतर ठेवावे, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी केळ्याचा किंवा चिकूचा शेक डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, कारण पोटॅशियम. आणि ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांनी घट्ट शेक स्ट्रॉने ओढण्यापेक्षा चमच्याने घ्यावा.

पेला हातात घेऊनच आम्ही गाडीने जाता येईल तेवढे पाण्याकडे गेलो. पुढे गाळ होता. वरून कोरडा, आत ओला, काठी रुतेल असा. मंदिरापर्यंत आत्याला नेणे शक्य नव्हते आणि तिनेही हट्ट केला नाही. बाभळीच्या सावलीत खुर्ची मांडली. समोर काळे शिखर उभे होते, भोवती पाण्याच्या पातळीच्या पांढऱ्या रेषा. नातू गाळ तुडवत मंडपापर्यंत गेला आणि तिथून त्याने व्हिडिओ कॉल लावला. आत्या फोनच्या पडद्याकडे पाहत त्याला वाट सांगू लागली. डावीकडे हो, तिथे आमचा वाडा होता, मागे चिंच, तिच्याखाली गुरे. त्याला फक्त चिखल दिसत होता, तरी तो 'हो आजी, दिसतंय' म्हणत प्रत्येक जागी थांबत होता. अर्धा पेला तिने तासभर पुरवला.

जाणाऱ्यांनी सकाळी दहाच्या आत पोहोचावे. नंतर तिथे सावली जवळजवळ नाही. पाय झाकणारे, न घसरणारे जोडे हवेत, आणि काठावरच्या मच्छीमारांना विचारल्याशिवाय गाळात उतरू नये, कारण कुठे जमीन धरते आणि कुठे नाही हे त्यांनाच माहीत असते. पुण्याकडच्या घाटमाथ्यावर पाऊस धरला आणि वरच्या धरणांतून भीमेला पाणी सुटले, की शिखर पुन्हा दिसेनासे होते.