चौथ्या वळणाआधी

इंदूर, गुरुवार रात्र

ती. बाबांस,

सकाळी अंधारात निघालो, धुळ्याला जेवलो, आणि खलघाटला नर्मदा ओलांडून वर चढलो. समोरून गणपती घाट उतरणारे ट्रक पाहताना तुमची फार आठवण आली. ब्रेक फेल होऊन झालेल्या अपघातांसाठी हा उतार कुप्रसिद्ध आहे. काच खाली केली तर जळक्या लायनरचा वास गाडीत शिरला. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचा, हे तुम्ही आंबेनळीत एसटी चालवताना पाळलंत. इथे बरेचजण इंजिनाऐवजी पायावरच गाडी तोलत होते.

धाकट्याने डिकीत जॅक, पाने आणि नव्या डिस्कचं खोकं असं रचलंय की माझ्या बॅगेला जागाच नाही. उद्या ग्वाल्हेरवरून पुढे.

ग्रेटर नोएडा, शनिवार रात्र

बाबा, आज ट्रॅकवर गाडी पळवली. बुद्ध सर्किट यमुना एक्सप्रेसवेला लागूनच आहे. एक फेरी ५.१२५ किलोमीटरची. २०११ ते २०१३ या तीन वर्षांत इथे फॉर्म्युला वन झाली, तिन्ही वेळा फेटेलच जिंकला. आता ती अवाढव्य स्टँड रिकामी असतात आणि आपल्यासारखे हौशी लोक घरच्या गाड्या घेऊन येतात.

ब्रेकची खरी परीक्षा चौथ्या वळणाआधी होते. तिसऱ्या वळणानंतर किलोमीटरभराची सरळ पट्टी आहे, आणि तिच्या टोकाला एकदम उजवीकडे वळायचं. आपल्या पोलोचा काटा १६० वर जातो आणि तो थेट ६० वर आणावा लागतो. धाकट्याने हिशेब केला: माणसासकट गाडी १,२०० किलो धरली तर एवढ्या वेगबदलात सुमारे दहा लाख ज्यूल ऊर्जा निघते. तीन लिटर गार पाण्याला उकळी आणेल इतकी. चार-एक सेकंदांत ती सगळी उष्णता बहुतांशी पुढच्या दोन डिस्कवर येते, आणि पुढच्या फेरीत पुन्हा.

म्हणून सकाळी मुद्दाम जुन्याच ब्रेकवर गेलो. वळणाआधी अंतराच्या पाट्या असतात. पहिल्या फेरीत १५० मीटरच्या पाटीशी पाय दाबला, गाडी छान थांबली. तिसऱ्या फेरीत पेडल लांब गेला, स्पंजासारखा लागला. मग मी २०० च्या पाटीशीच दाबायला लागले आणि थोड्या वेळाने आत आले. तुम्ही म्हणायचात ना, पेडल दगडासारखा कडक पण गाडी थांबत नाही तेव्हा लायनर तापलेत, आणि पेडल खाली बसला तर ऑइल. इथे ऑइलच होतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट ४ किमान २३० अंशांना उकळतं, पण पाणी मुरलेलं १५५ पर्यंतच टिकेल असं धरून चालतात. एकदा वाफ झाली की पाय वाफ दाबतो, ऑइल नव्हे.

दुपारी पिटमध्ये चाकं काढली. मोठ्या डिस्क, ट्रॅकचे पॅड, रबराऐवजी स्टीलच्या जाळीचे होज बसवले, आणि डॉट ५.१ भरून एअर काढली. मागे अजून ड्रमच आहेत. नवे पॅड डिस्कवर बसवायला आधी हळूहळू जोर वाढवत बरेच ब्रेक मारावे लागतात. धाकट्याला ती फेरी वाया गेल्यासारखी वाटत होती, पण मी ऐकलं नाही.

आता गंमत ऐका. नव्या ब्रेकने पहिल्या फेरीत गाडी सकाळच्या पहिल्या फेरीइतक्याच अंतरात थांबली! धाकट्याचा चेहरा पडला. मला मात्र ते अपेक्षितच होतं. जुना ब्रेकही चाकं लॉक करण्याइतका जोर देत होता, एबीएस तेव्हाही खडखडत होतं. शेवटी गाडी थांबवते ती टायरची पकड, आणि टायर तेच आहेत. पैसे गेले ते पुढच्या फेऱ्यांसाठी. दुसरी, चौथी, पाचवी, प्रत्येक वेळी १५० ची पाटी आणि तोच कडक पेडल. आता पाटी बघून दाबायचं, आधी चाचपून बघायचं नाही. भीती गेली म्हणून मग वळणाकडेही नीट बघता आलं.

ब्रेक गार व्हावेत म्हणून शेवटची फेरी सावकाश मारली, ब्रेक न वापरता. थांबल्यावर हँडब्रेक ओढला नाही, गिअर टाकला आणि चाकामागे दगड ठेवला. शेजारच्या एका उत्साही माणसाने तापलेल्या डिस्कवर पाणी ओतायला बाटली उघडली होती, त्याला कसंबसं थांबवलं.

आग्रा, रविवार

ट्रॅकचे पॅड गार असताना नीट धरत नाहीत आणि टोलनाक्यावर थांबताना इतके किंचाळतात की पावती देणारा खिडकीतून वाकून बघतो. सकाळी ते काढून रस्त्याचे पॅड लावले. डॉट ५.१ राहू दिलंय, पण ते लवकर बदलावं लागेल. पुढच्या वेळी खर्च टायरवर करायचा असं आमचं ठरलंय. धाकटा अजून मोठ्या कॅलिपरच्या किमती काढतोय, त्याच्याशी तुम्हीच बोला.

पेठा घेतलाय, आईला केशरी आवडतो तो. परवा रात्री पोचू.

तुमची,
थोरली