टाकीपासून मागच्या सीटपर्यंत

मोखाडा तालुक्यातल्या पोशेरा आणि आसपासच्या पाड्यांवर मोटरसायकल एकट्याची नसते, ती सगळ्या घराची असते. एस.टी. तिच्या वेळेला येते आणि जीप भरल्याशिवाय हलत नाही. त्यामुळे मोखाड्याचा बाजार, जव्हारच्या कचेरीतला दाखला, मामाकडचे लग्न, तापाने फणफणलेल्या मुलाला दवाखान्यात नेणे, हे सारे त्या एकाच गाडीवर होते. गाडीवरची माणसाची जागा वयाप्रमाणे बदलते आणि जागेप्रमाणे धोकाही.

पहिली जागा टाकीवरची. मूल बापाच्या दोन हातांमध्ये, हँडल धरून बसते. घरच्यांना ही जागा सर्वांत सुरक्षित वाटते, पण खरे तर ती सर्वांत वाईट. करकचून ब्रेक लागला की मूल हँडलवर आदळते आणि मागून बापाचे सगळे वजन त्याच्यावर येते. 2022 साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली. तिच्यानुसार नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला चालकाशी जोडणारा पट्टा आणि हेल्मेट हवे आणि गाडीचा वेग ताशी 40 किलोमीटरच्या आत हवा. चार वर्षांवरील प्रत्येकाला तर 1988 च्या मोटार वाहन कायद्यातच हेल्मेट सांगितले आहे. बापाचे हेल्मेट मुलाला घातले तर ते गरगर फिरते, ते नसल्यासारखेच.

मूल वाढले की त्याची जागा आईबापांच्या मधे होते. कायद्याला ही जागा ठाऊकच नाही. चालकामागे एकच माणूस, एवढेच तो मानतो.

मग हँडल हाती येते, बहुधा लायसनच्या आधी. गिअरच्या गाडीला वय 18 लागते. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर या कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनुसार पालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. या भागातल्या घाटात एक जुनी सवय नडते. उतार लागला की पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करायची, कधी इंजिनच बंद करायचे. मग इंजिनाची ओढ संपते, सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापून ढिले पडतात. ज्या गिअरमध्ये घाट चढला त्याच गिअरमध्ये उतरावा, हे जुन्या ड्रायव्हरचे म्हणणे बरोबर आहे. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर चौपट होते. त्यात पावसाळा. भाताच्या आवणीच्या दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातला चिखल डांबरावर येतो, वळणावर खडी वाहून आलेली असते आणि धुक्यात समोरची गाडी अंगावर आल्यावरच दिसते. अशा रस्त्यावर वेग वळणाच्या आधी कमी करावा, वळणात ब्रेक दाबू नये. दारू प्यालेल्याने तर किल्लीला हातच लावू नये.

हेल्मेट याच वयात येते, पण पुष्कळदा ते कोपरात लटकते किंवा आरशावर. हेल्मेटच्या सक्तीमागे एक मृत्यू आहे. मे 1935 मध्ये ब्रिटिश सैनिक-लेखक टी. ई. लॉरेन्स मोटरसायकलवरून पडून डोक्याच्या दुखापतीने गेले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. त्यांनी पुढे लष्करी मोटरसायकलस्वारांच्या दुखापती अभ्यासल्या आणि 1941 च्या अखेरीस ब्रिटिश सैन्याने हेल्मेट सक्तीचे केले. हेल्मेटचे खरे काम बाहेरचे कवच करत नाही. आतला थर्मोकोलसारखा थर चेपतो आणि डोक्याला थांबायला थोडा जास्त वेळ मिळतो. तो थर एकदा चेपला की परत फुगत नाही; म्हणून अपघातातले हेल्मेट पुन्हा वापरू नये, हवे तर परसात त्यात हळद लावावी. पट्टा न लावलेले हेल्मेट डोक्याआधी रस्त्यावर पोहोचते.

शेवटची जागा मागची. बायका इथे एका बाजूला बसतात. वारली म्हातारीचे गुडघ्यापर्यंत आवळून नेसलेले लुगडे चाकात जात नाही; पदर आणि ओढणी जाते. म्हणून मागच्या चाकावरची जाळी काढू नये आणि पदर खोचून बसावे. उतारवयात माणूस याच सीटवर दवाखान्यात जातो, तेव्हा त्याची पकड सैल झालेली असते आणि हाडे ठिसूळ. देशात 2022 साली हेल्मेट न घातलेले 50,029 जण अपघातांत मेले. त्यांपैकी 14,337 मागे बसलेले होते. मोखाड्याहून डोक्याच्या मोठ्या दुखापतीला नाशिक गाठावे लागते. अंतर साठेक किलोमीटर, मधे घाट.

नव्या गाडीबरोबर हेल्मेट एकच मिळाले, तरी गाडीवर बसतात दोघे. दुसरे हेल्मेट गाडी घेतानाच, त्याच दिवशी, मागे बसणाऱ्याच्या डोक्यावर बसवून पाहून घ्यावे.