बारा जानेवारीच्या आधीचा आठवडा

सोलापूरच्या शाळांत बारा जानेवारीला फार घाई असते. राजमाता जिजाऊंची जयंती त्याच दिवशी, स्वामी विवेकानंदांचीही त्याच दिवशी. प्रतिमांना हार घातले जातात, दोन-तीन मुलं पाठ केलेली भाषणं म्हणून दाखवतात. मग कुणाला तरी आठवतं, आज आपल्या चार हुतात्म्यांचाही दिवस आहे. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात या चौघांना फाशी दिलं गेलं. चारही नावं एका दमात घेतली जातात, परिपाठ संपतो, मुलं वर्गात जातात.

मी पूर्व भागातल्या एका शाळेत चौथी-पाचवीला शिकवते. यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेली ही मुलं. बऱ्याच जणांच्या घरी तेलुगू बोलतात, काहींच्या घरी कन्नड. आया विड्या वळतात, वडील मागावर. ‘हुतात्मा’ म्हटलं की सकाळी पुण्याला जाणारी त्या नावाची गाडी त्यांच्या डोळ्यांपुढे येते. पार्क चौकाजवळचे चार पुतळे त्यांनी रिक्षातून जाता-येता पाहिलेले असतात. त्या चौघांनी काय केलं, असं विचारलं की वर्ग एका सुरात सांगतो, “देशासाठी मेले.” एवढ्यावर मला थांबता येत नाही. माणूस कसा जगत होता हे माहीत नसेल, तर त्याने काय गमावलं हे दहा वर्षांच्या पोराला कुठून कळणार?

म्हणून मी आधीच्या आठवड्यातच सुरुवात करते, आणि तीही फाशीपासून नाही, मे १९३० पासून. मिठाचा सत्याग्रह चालू होता. गांधीजींना चार मेच्या मध्यरात्रीनंतर अटक झाली. बातमी सोलापुरात पोचली आणि हरताळ पडला. गिरण्यांच्या या गावात हजारो कामगार रस्त्यावर आले. इथे मी थांबते आणि मुलांना विचारते, “तुमच्या घरी माग एक दिवस बंद राहिला तर काय होतं?” हात भराभर वर येतात. पगार कापतात. दुकानदार उधारी देत नाही. आई म्हणते, आज भाजी नाही. मग मी सांगते, त्या दिवशी हरताळात उतरलेल्या गिरणी कामगाराच्या घरीही हेच होणार होतं आणि हे त्याला ठाऊक होतं. वर्ग एकदम गंभीर होतो. बलिदान म्हणजे नुसता फास नाही, ते आधी रोजच्या भाकरीतून सुरू होतं, हे त्यांना माझ्यापेक्षा लवकर समजतं.

मग आठ मे. रूपाभवानीच्या परिसरात लोक शिंदीची झाडं तोडायला गेले. दारूबंदीसाठी ही झाडं तोडणं सत्याग्रहाचाच भाग होता. रूपाभवानीचं देऊळ मुलांच्या पायाखालचं, नवरात्रात सगळे जातात. तिथून जवळच हे घडलं म्हटल्यावर सगळे सरसावून बसतात. पोलिसांनी काही जणांना पकडलं, जमाव वाढला, गोळीबार झाला आणि शंकर शिवदारे हा तरुण पडला. सोलापूरचा पहिला हुतात्मा. चार पुतळ्यांत तो नाही, म्हणून त्याचं नाव मी फळ्यावर सर्वांत वर लिहिते.

यापुढचा भाग पुष्कळदा झरझर उरकला जातो. चिडलेला जमाव मंगळवार पेठेतल्या पोलीस चौकीवर चालून गेला. त्यात पोलीस मारले गेले. कोर्टाची इमारत जाळली गेली. पुढचे तीनेक दिवस गावात इंग्रजांची सत्ता जवळजवळ उरली नव्हती, काँग्रेसचे स्वयंसेवक रस्त्यांवर व्यवस्था बघत होते. बारा मेला मार्शल लॉ पुकारला गेला. झेंडा मिरवणं गुन्हा झाला, डोक्यावरची गांधी टोपीसुद्धा सोजिरांच्या डोळ्यांत खुपू लागली. पुढे दोन पोलिसांच्या खुनाचा खटला उभा राहिला आणि त्यातच या चौघांना फाशीची शिक्षा झाली. सोलापूरकरांची तेव्हापासून ठाम भावना आहे की, चळवळीतली पुढची माणसं म्हणून त्यांना त्यात गोवलं गेलं.

एका वर्षी मी हे सांगत असताना एका मुलीने हात वर केला. तिचे वडील पोलीस हवालदार. ती म्हणाली, “बाई, ते दोन पोलीस आपलेच होते का इंग्रज?”

“आपलेच,” मी म्हटलं.

“मग त्यांचे पुतळे?”

वर्गात कुजबुज झाली. एक मुलगा म्हणाला, ते इंग्रजांकडून होते ना. ती खाली बसली, पण तिचं समाधान झालेलं नव्हतं. मी त्या मुलाला गप्प केलं नाही, तिलाही नाही. त्या दिवशी मी मुलांना सांगितलं की, ते दोघे नोकरीसाठी वर्दीत आले होते, त्यांच्याही घरी कुणीतरी वाट पाहत असेल, आणि जमावाने त्यांना मारलं ते वाईटच झालं. हे कबूल केल्याने शिवदारेचं मोल कमी होत नाही. गांधीजी हिंसेला विरोध का करत होते, हे मुलांना याच प्रसंगातून समजावता येतं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या वडिलांना निरोप पाठवला, सवड झाली तर वर्गात या म्हणून. ते आले, वर्दीतच. मुलांनी आधी काठी आणि बिल्ला बघून घेतला. मग त्याच मुलाने सरळ विचारलं, “काका, तुम्हाला गोळी झाडा म्हणून सांगितलं तर?”

ते जरा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “हुकूम आला तर पाळावा लागतो बाळा. पण आज हुकूम देणाऱ्यालाही जाब द्यावा लागतो. चौकशी बसते, कोर्टात जाता येतं, पेपरात छापून येतं. तेव्हा आपल्या माणसाला असं विचारायची सोयच नव्हती. ती सोय या लोकांनी आपल्याला करून दिली.”

स्वातंत्र्याचा अर्थ मी पुस्तकातून कितीतरी वेळा शिकवला आहे, पण इतका नेमका मला कधी सांगता आला नव्हता. मुलांनी लगेच कुर्बान हुसेनचा धागा पकडला. चौघांत तो सर्वांत लहान, विशीच्या आसपासचा, आणि ‘गझनफर’ नावाचं वर्तमानपत्र चालवायचा. म्हणजे पेपरात छापायचं काम तोच करत होता, असं एकाने ओरडून सांगितलं. त्या आठवड्यात वर्गाने हाताने लिहिलेला एक पेपर काढला. त्यात मराठीबरोबर तेलुगूतही मजकूर होता. एका मुलीच्या आजीने तो सांगितला आणि नातीने उतरवून घेतला.

बारा जानेवारीच्या परिपाठासाठी त्या वर्षी पाठ केलेली भाषणं नकोत, असं ठरवलं. प्रत्येकाने आपल्याला काय समजलं तेवढंच बोलायचं. एक मुलगा हरताळातल्या कामगाराच्या घराबद्दल बोलणार होता, एक शिंदीच्या झाडांबद्दल. हवालदारांच्या मुलीने आपल्या कागदावर लिहिलं होतं की, चार हुतात्म्यांना आणि शंकर शिवदारेला वंदन करून आम्ही त्या दोन पोलिसांच्या घरच्यांचंही दुःख समजून घेतो.

कार्यक्रमाआधी एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तो कागद वाचला आणि म्हणाले, हुतात्म्यांच्या दिवशी पोलिसांचं कशाला? हे वाक्य काढून टाका. मी त्यांना म्हटलं की, हे वाक्य तिने स्वतः विचार करून लिहिलं आहे, आणि ज्यांच्यामुळे तिला ते लिहिता येतंय त्यांच्याच दिवशी मी ते खोडणार नाही. ते नाराज झाले, पण अडून बसले नाहीत. ते वाक्य तिने सगळ्या शाळेसमोर, माईकवर, नीट म्हणून दाखवलं.